थांबू का घेऊन टाकू?

या महिन्यातल्या पत्रांची थप्पी उघडली तर निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न निघाला: मंदी येणार म्हणतात, मग जुन्या गाड्या स्वस्त होतील का? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिणं शक्य नाही. एक पत्र निवडलं आहे, त्याचं उत्तर लांबलं आहे आणि बाकीच्यांना थोडक्यात आटोपलं आहे, त्यांनी राग मानू नये.

नव्या वाचकांना एवढंच सांगते, की गाड्यांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या आवारात माझी बावीस वर्षं गेली. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्यांची किंमत ठरवणं हे माझं काम. म्हणजे मी गाडी बघायला शिकले ती लिलावाच्या बाजूने. ज्यांचा गाडीवर जीव आहे त्यांना माझी उत्तरं कोरडी वाटतात, तसं ते कळवतातही.

पत्र पहिलं

*ताई, सप्रेम नमस्कार. आमची गाडी अकरा वर्षांची झाली. क्लचप्लेट दोनदा बदलली, एसी मनात येईल तेव्हा चालतो आणि चढावर मागचे लोक हॉर्न देतात. नवी घेणं झेपणार नाही, म्हणून तीन-चार वर्षं वापरलेली, एका हातची गाडी बघतोय. ह्यांच्या ऑफिसात सगळे म्हणतात, मंदी येतेय, सहा महिने थांबा, गाड्या मातीमोल भावात मिळतील. धाकटे दीर म्हणतात, थांबलात तर पस्तावाल. थांबू का घेऊन टाकू?*

ऑफिसातले लोकही बरोबर आहेत आणि तुमचे दीरही. फक्त दोघं वेगवेगळ्या महिन्यांबद्दल बोलताहेत.

2008 ची अखेर मला आमच्या आवारावरून आठवते. एरवी दोन गाड्यांच्या मधून माणूस आरामात जाईल एवढी जागा असायची. त्या वर्षी गाड्या इतक्या खेटून लावल्या होत्या, की मधली एखादी काढायची तर आधी सात हलवाव्या लागत. मागच्या रांगेत टायरांखाली गवत वाढलं. लिलावाला यायचे ते नेहमीचेच दहा-बारा व्यापारी, पण हात खिशात घालून उभे. मला वाटायचं, मुद्दाम भाव पाडताहेत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, गाडी तर दिसतेय मला, पण मला पैसे देणाऱ्याने हात आखडलाय." तेव्हा ध्यानात आलं. गिऱ्हाइकाकडे पैसे नाहीत म्हणून भाव पडला असं आपण म्हणतो, पण त्याच्याही आधी व्यापाऱ्याची उधारी आटते. व्यापारी स्वतःच्या पैशाने पन्नास गाड्या उभ्या करत नाही. त्याचा कर्जाचा नळ बंद झाला की तो घेणं थांबवतो आणि आहे त्या गाड्या मिळेल त्या भावाला काढायला लागतो. हे महिने ऑफिसातल्या लोकांचे.

जगभर हेच चाललं होतं. अमेरिकेत घाऊक लिलावांतल्या भावांवरून मॅनहाइम नावाचा निर्देशांक काढतात. 2008 च्या शेवटच्या महिन्यांत तो घसरत गेला आणि 2009 उजाडल्यावर पुन्हा चढायला लागला. बेकारी अजून वाढतच होती, कारखाने बंद पडत होते, क्रायस्लरने एप्रिलमध्ये आणि जनरल मोटर्सने जूनमध्ये दिवाळं जाहीर केलं, आणि जुन्या गाड्यांचे भाव मात्र वर! आमच्याही आवारात त्या वर्षाच्या मध्यापासून व्यापाऱ्यांचे हात खिशातून बाहेर आले.

याचं कारण एकदा समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. जुन्या गाडीचा कारखाना नसतो. कोणीतरी नवी गाडी घेतो तेव्हा त्याची जुनी बाजारात येते. एवढी एकच वाट. अमेरिकेत 2007 साली सुमारे 1 कोटी 60 लाख नव्या गाड्या खपल्या होत्या, 2009 साली 1 कोटी 4 लाख. पन्नास लाखांवर लोकांनी नवी गाडी घेतली नाही, आणि त्यातल्या ज्यांच्या दारात आधीची गाडी होती त्यांनी ती सोडली नाही. गिऱ्हाईक कमी झालं, पण मालही आटला. शिवाय 2009 मध्ये सरकारांनी नव्या गाड्यांचा खप वाढवायला जुन्या मोडीत काढणाऱ्यांना पैसे दिले. जर्मनीत निदान नऊ वर्षांच्या गाडीमागे 2,500 युरो होते आणि जवळपास 20 लाख लोकांनी ते घेतले. अमेरिकेत 3 अब्ज डॉलरची योजना होती. पावणेसात लाखांहून जास्त गाड्या त्यात गेल्या, आणि त्या परत रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातलं ऑइल काढून त्या जागी सोडियम सिलिकेटचं पाणी घालून इंजिन जाम होईपर्यंत चालवायचं, असा नियम होता. चालती इंजिनं अशी मारताना मी व्हिडिओत बघितली. एवढी वर्षं ओढून आणलेल्या गाड्यांत काढलेल्या बाईला वाईट वाटायला नको होतं, पण वाटलं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. तुम्हाला तीन-चार वर्षं वापरलेली गाडी हवी आहे ना? मग तितकी वर्षं मागे मोजा आणि बघा, त्या वर्षी नव्या गाड्या भरपूर खपल्या होत्या की कमी. 2009 साली ज्या गाड्या खपल्याच नाहीत त्या 2012 साली तीन वर्षं वापरलेल्या म्हणून कुठून येणार? त्या फळीवर माल कमी आणि भाव चढे, मंदी संपून गेली तरी. तीन-चार वर्षांमागे बाजार जोरात असेल तर आज तुमच्या फळीवर माल आहे, आणि मंदी आली तर तिथे भाव उतरायला खरोखर वाव आहे. तेव्हाच खप पडलेला असेल तर मंदीची वाट बघून हाती फारसं लागणार नाही. वर्तमानपत्रात मंदीची बातमी शोधण्यापेक्षा हा हिशोब करा, नव्या गाड्यांच्या खपाचे वार्षिक आकडे सगळीकडे सहज मिळतात.

दुसरी गोष्ट पायरीची. मंदीत गाडीची गरज असलेला माणूस गाडी सोडत नाही, एक पायरी खाली उतरतो. नवी घेणारा तीन वर्षांच्या गाडीवर येतो, तीन वर्षांची बघणारा सात-आठ वर्षांच्या. म्हणून सगळ्या गाड्या एकसारख्या पडत नाहीत. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात पडतात त्या वरच्या फळीवरच्या, मोठ्या, मिरवायच्या गाड्या. सगळ्यात खालची, दहा-बारा वर्षांची, दिसायला यथातथा पण एका चावीत सुरू होणारी छोटी गाडी मंदीत मान खाली घालत नाही, कधीकधी वरच चढते. म्हणजे तुमची ही अकरा वर्षांची, चढावर दमणारी गाडी! तुम्ही फक्त घेणार नाही आहात, विकणारही आहात. हे पत्र लिहिताना तुम्ही विसरलात. तुमच्या खिशातून जाणार आहे तो दोन गाड्यांमधला फरक. मंदीच्या पहिल्या काही महिन्यांत वरची गाडी उतरलेली आणि खालची टिकलेली असते, तेव्हा तो फरक सगळ्यात कमी असतो.

मोठ्या गाड्यांचं निघालं म्हणून सांगते. जुलै 2008 मध्ये कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरपर्यंत चढलं होतं. ज्याला त्याला मोठी, जास्त पिणारी गाडी दारातून घालवायची घाई. छोट्या गाड्यांना असा भाव आला, की वाचवलेल्या इंधनातून तो वसूल व्हायला दहा वर्षं लागली असती, पण लिलावात कोण गणित करतं? तो मघाचा म्हातारा व्यापारी त्या उन्हाळ्यात आमच्याकडून फक्त मोठ्या गाड्या घेत होता. आम्ही हसायचो. डिसेंबरमध्ये तेल 40 डॉलरच्या खाली आलं. त्याने किती कमावले ते त्याने सांगितलं नाही, पण पुढच्या वर्षी त्याच्या हाताखाली दोन नवी पोरं होती.

आता तुमच्या दिरांची बाजू, आणि माझी फजिती. 2020 च्या वसंतात सगळं ठप्प झालं. एप्रिलच्या एका महिन्यात मॅनहाइमचा आकडा 11.4 टक्क्यांनी पडला. मे महिन्यात हर्ट्झ ही भाड्याने गाड्या देणारी भली मोठी कंपनी दिवाळ्यात निघाली आणि तिच्या लाखो गाड्या बाजारात ओतल्या जाणार, अशी हवा झाली. मी म्हटलं, बावीस वर्षांचा अनुभव आहे, मला कोण शिकवणार. आणि माझी स्वतःची धडधाकट गाडी त्या मेमध्ये विकून टाकली. तळाला भाव गेला की परत घेऊ. तळ तोच होता, मी विकली तेव्हाचा! कारखाने बंद झालेले, गाड्या बनवणाऱ्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केलेल्या. चिपवाल्यांनी तो माल घरात बसलेल्या लोकांच्या संगणकांकडे आणि टीव्हीकडे वळवला. गाड्यांची मागणी परत आली तेव्हा चिप नाहीत, त्यात मार्च 2021 मध्ये जपानमध्ये रेनेसासच्या चिपच्या कारखान्याला आग लागली. नवी गाडी मिळेना म्हणून सगळे जुन्यावर तुटून पडले. जून 2021 मध्ये अमेरिकेच्या सरकारी महागाईच्या आकड्यांत जुन्या गाड्या वर्षभरापूर्वीपेक्षा 45.2 टक्क्यांनी महाग होत्या. भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपन्या, ज्यांच्याकडून महापूर येणार होता, त्याच लिलावात उभ्या राहून जुन्या गाड्या विकत घेत होत्या. मी त्या साली जी गाडी घेतली ती माझ्याच गाडीची जुळी बहीण म्हणा, एक वर्षाने आणखी म्हातारी, आणि तिला मी माझी विकली त्या किमतीच्या सव्वापट मोजले. आवारातल्या जुन्या सहकाऱ्यांनी त्यानंतर किती दिवस मला फोनवर "मॅडम, आज भाव काय?" असं विचारलं, ते विचारू नका.

2020 ही सरळसाधी मंदी नव्हती, हे कबूल. पण उलटंही बघा. डिसेंबर 2022 मध्ये त्याच अमेरिकेत जुन्या गाड्या वर्षभरात 8.8 टक्क्यांनी उतरल्या, आणि तेव्हा लोकांना नोकऱ्या मिळत होत्या. नव्या गाड्या पुन्हा यायला लागल्या होत्या आणि व्याजदर चढत होते, एवढ्याने काम झालं.

व्याजावर थोडं थांबते, कारण कर्ज काढणार असाल तर खरी किंमत तिथे आहे. कर्जाची मुदत पाच वर्षं धरा. व्याज 9 टक्के असेल तर दर शंभराच्या कर्जामागे महिन्याचा हप्ता साधारण 2.08 बसतो, 13 टक्के असेल तर 2.28. म्हणजे दर 9 वरून 13 वर गेला आणि गाडी 9 टक्क्यांनी स्वस्त झाली, तर तुमचा हप्ता आहे तिथेच. स्वस्त गाडी घेतल्याचा आनंद तुमचा, पैसे कर्ज देणाऱ्याचे. मंदीत सरकारी दर उतरतात हे खरं, पण आमच्यासारख्या कंपन्या त्याच वेळी कोणाला कर्ज द्यायचं याची चाळणी बारीक करतात आणि जुन्या गाडीच्या कर्जाला सगळ्यात आधी हात लावतात. मी स्वतः तशी परिपत्रकं वाचली आहेत: अमुक वर्षांवरच्या गाडीला कर्ज नाही, तमुक टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नाही. म्हणून मंदीतली स्वस्त गाडी मिळते ती रोख हातात असलेल्याला. तुमच्याकडे निदान निम्मी रक्कम रोख असेल तर थांबण्यात अर्थ आहे.

तर काय करा? गाडी एका चांगल्या मेकॅनिकला दाखवा. इंजिन आणि गिअरबॉक्स ठीक असेल आणि कुरकुर फक्त एसी-क्लचची असेल, तर थांबा. पण "सहा महिने" असं कॅलेंडर लावून थांबू नका. तुम्हाला हव्या त्या मॉडेलच्या पाच-सहा जाहिराती वहीत उतरवून ठेवा, तारखेसकट. दर आठवड्याला बघा. तीच गाडी दीड महिना तिथेच आहे, किंमत दोनदा खाली आली आहे, आणि तुम्ही एकदा चौकशी करून सोडून दिलेला माणूस स्वतःहून परत फोन करतो आहे, असं झालं की तुमचे ते महिने आले. ते दोन-तीनच असतात, आणि ते येतात तेव्हा यजमानांच्या ऑफिसात गाड्यांबद्दल कोणी बोलत नसेल, कोणाची नोकरी जाणार याबद्दल बोलत असतील. तेव्हा खिशात हात घालायची हिंमत होते का, हा प्रश्न मला सोडवता येत नाही. कर्ज काढणार असाल तर सहा हप्त्यांएवढे पैसे बाजूला असल्याशिवाय घालूही नका.

मेकॅनिकने मान हलवली आणि इंजिनाचं काम सांगितलं, तर मात्र थांबू नका. मंदीत तुमचे जे वाचतील ते गॅरेजवाला आधीच घेऊन गेलेला असेल.

पत्र दुसरं

*ताई, माझी नोकरी दोन महिन्यांपूर्वी गेली. गाडीचे दोन वर्षांचे हप्ते बाकी आहेत. बाजारात गाडीची किंमत विचारली तर बाकी कर्जापेक्षा कमी सांगतात. भाव वर येईपर्यंत थांबावं असं वाटतं. अजून एकही हप्ता चुकलेला नाही.*

शेवटचं वाक्य तुम्ही सहज लिहिलंत, पण तुमच्या हातात सगळ्यात मोलाचं तेच आहे. हप्ता चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याकडे जा. आमच्याकडे दोन प्रकारचे लोक यायचे. एक, जे आधी येऊन सांगायचे की अमुक महिन्यापासून जमणार नाही. त्यांना मुदत वाढवून हप्ता लहान करून देण्याचे अधिकार शाखेतल्या माणसाला असत. दुसरे, जे फोन उचलायचे बंद करत. त्यांचं पुढचं काम माझ्याकडे यायचं.

गाडी झेपत नसेल तर स्वतः विका, ओढून नेण्याची वेळ येऊ देऊ नका. लिलावात गाडी कशी विकली जाते ते मी सांगते. चावी असली तर नशीब. बॅटरी उतरलेली, धुळीने काचा आंधळ्या. चालवून बघायची सोय नाही. व्यापारी बोली लावतो ती या सगळ्याचा धोका धरून, म्हणजे तुम्हाला दारात मिळाली असती त्यापेक्षा बरीच खाली. वर ओढून आणण्याचा खर्च आणि आवाराचं भाडं तुमच्याच खात्यावर चढतं. गाडी जाते आणि उरलेलं कर्ज तुमच्या डोक्यावर राहतं, हे पुष्कळांना नोटीस आल्यावरच कळतं. आज कर्ज आणि किंमत यांत जी दरी आहे ती भरायला लहानसं दुसरं कर्ज किंवा घरातल्या कोणाची मदत लागली तरी ती लिलावानंतरच्या दरीपेक्षा लहान असते. विकताना कर्ज देणाऱ्याला मध्ये घ्या, घेणाऱ्याने पैसे थेट त्यांच्याकडे भरावेत आणि बोजा उतरल्याचं पत्र त्याला मिळावं. घेणाराही निर्धास्त होतो.

भाव वर येईल म्हणून थांबायचं असेल तर एवढं लक्षात घ्या, की गाडी उभ्या उभ्याही म्हातारी होते. बाजार वर आला तरी तोवर तुमची गाडी एक वर्षाने खाली गेलेली असते.

गाडी देताना सीटखाली, डिकीत, कप्प्यांत नीट बघा. ओढून आणलेल्या गाड्यांत मला लहान मुलांचे मोजे फार सापडायचे, नेहमी एकच. ते मी एका खोक्यात ठेवायचे, कोणी मागायला येईल म्हणून. कोणी आलं नाही.

पत्र तिसरं

*मंदीत विजेवरची जुनी गाडी घ्यावी का? भाव फार उतरलेले दिसतात.*

ते मंदीने उतरलेले नसतील. जुन्या गाडीच्या डोक्यावर नव्या गाडीच्या किमतीचं छत असतं. छत खाली आलं की खालच्याला वाकावंच लागतं. जानेवारी 2023 मध्ये टेस्लाने अमेरिकेत काही मॉडेलांच्या किमती जवळजवळ 20 टक्क्यांनी कमी केल्या. आदल्या महिन्यात जुनी टेस्ला घेतलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा. मंदीत गाड्या खपेनाशा झाल्या की कंपन्या नव्यावर सूट देतात आणि हाच प्रकार पेट्रोलच्या गाड्यांतही होतो. फक्त विजेच्या गाड्यांत तंत्र झपाट्याने बदलत असल्याने छत वारंवार हलतं.

घ्यायचीच तर किमतीआधी बॅटरीची तब्येत विचारा, लेखी. पुष्कळ कंपन्या बॅटरीला आठ वर्षांची हमी देतात आणि क्षमता 70 टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देतात. हमी दुसऱ्या मालकाला लागू आहे का, किती वर्षं उरली, हे कागदावर बघा. पाच वर्षं उरली असतील तर भाव उतरल्याचा फायदा तुमचा. एक उरलं असेल तर तुम्ही गाडी नाही, बॅटरीची उधारी घेताय.

पत्र चौथं

*विकणारा म्हणतो, पुढच्या महिन्यात भाव वाढणार आहेत, आजच इसार द्या. देऊ का?*

भाव वाढणार हे त्याला खात्रीने माहीत असतं तर तो आज विकत नसता.

पत्र पाचवं

*ताई, मंदीत फसवणूक वाढते असं ऐकलं. मीटर मागे फिरवलेली गाडी कशी ओळखायची? एक गाडी जवळपास ठरवली आहे, फोटो सोबत जोडतो. विकणाऱ्याला पैशांची नड आहे, म्हणून स्वस्तात देतोय.*

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1970 साली नेमका जुन्या गाड्यांवरून एक विचार मांडला. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा मधलाच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी असलेला विकायला तयार होत नाही, खराबवाला आनंदाने होतो, आणि बाजारात कचरा उरतो. अशा कामाबद्दल त्यांना 2001 मध्ये, आणखी दोघांसोबत, नोबेल मिळालं. आमच्या आवारातल्या व्यापाऱ्यांना हे सगळं न शिकता येत होतं, फक्त त्यांनी ते लिहून ठेवलं नाही.

मंदीत यात एक गंमत होते, आणि ती भावापेक्षा मोठी आहे. एरवी माणूस गाडी बहुतेक कंटाळून किंवा कुरकुर सुरू झाली म्हणून विकतो. मंदीत तो पैशांसाठी विकतो, म्हणून उत्तम चालणाऱ्या, जपलेल्या गाड्याही बाजारात येतात. तेव्हा "नड आहे" हे ऐकून तुम्ही खूश झालात, ते अगदीच चूक नाही. पण नड किती दिवसांची आहे ते शोधायला हवं. पैशांची ओढाताण सुरू झाली की माणूस सगळ्यात आधी सर्व्हिसिंग टाळतो. हप्ते थकायच्या आधी सहा-आठ महिने ऑइल बदललेलं नसायचं. आमच्याकडे आलेल्या गाड्यांची डिपस्टिक ओढली की डांबरासारखं काळं निघायचं. सर्व्हिसची वही मागा आणि शेवटच्या शिक्क्याची तारीख बघा. नोकरी गेल्या महिन्यात गेली आणि शेवटचा शिक्का दीड वर्षापूर्वीचा, तर एक तर नड जुनी आहे किंवा सांगितलेलं कारण खोटं आहे.

मीटरचं म्हणाल तर मीटरकडे बघूच नका, माणसाचं अंग जिथे जिथे लागतं तिथे बघा. स्टिअरिंगवर हात धरतात ती जागा गुळगुळीत होऊन चकाकते. ड्रायव्हर सीटची दाराकडची कड उतरताना रोज घासली जाते, ती आधी दबते आणि मग फाटते. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसतात. या गोष्टी बदलता येतात, पण मीटर फिरवणारा सहसा तेवढा खर्च करत नाही, सीटला नवं कव्हर घालून मोकळा होतो. म्हणून कव्हर खाली करून बघा. टायरांवर कोणत्या आठवड्यात कोणत्या साली बनले त्याचे चार अंक असतात. मीटरवर वीसेक हजार आणि चारही टायर गाडीपेक्षा नवे, असं दिसलं तर विचारा की पहिले कुठे गेले.

आता तुमचे फोटो. पहिल्या दोनांत गाडी बाहेरून छान दिसते, रंग एकसारखा आहे, दारांच्या फटी सारख्या आहेत. तिसऱ्या फोटोत मीटर 38,000 किलोमीटर दाखवतोय. पाचवा फोटो तुम्ही बहुधा नवे मॅट दाखवायला काढलाय. तो मोठा करून बघा. मॅटच्या वर ब्रेकचं पेडल आलंय, त्याच्या रबराची उजवी कड घासून आतली पत्र्याची पट्टी दिसतेय. 38,000 ला असं होत नाही, लाखाच्या पुढे होतं. शेजारचं क्लचचं रबर मात्र कोरं करकरीत आहे. इसार दिला असेल तर परत मागा.